कवडीखालची अंडी

कृष्णाबाई बोलून गेल्या, आणि बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण हे काय करून बसलो.

चामराजपेटेतल्या त्यांच्या कौलारू घरात, पुढच्या खोलीत थोरले दीर अप्पासाहेब पान चघळत बसले होते. समोर मालोजी, कृष्णाबाईंचा एकुलता एक मुलगा, मान खाली घालून. आणि कृष्णाबाई रिवाजाप्रमाणे दाराआड, डोक्यावरून पदर ओढून. थोरल्या दिरासमोर यायचं नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. बोलायचंच झालं तर मुलाला हाक मारून, त्याच्या नावावर बोलायचं. लग्न होऊन या घरात आल्यापासून हेच चाललं होतं, नवरा गेल्यावरही. पुण्याकडे असले रिवाज कधीच मोडीत निघाले असतील. पण ही माणसं शहाजीराजांच्या वेळी बंगळुरात आलेली. येताना जे बरोबर आणलं ते सगळं घट्ट धरून बसलेली.

अप्पासाहेब सोयरीक घेऊन आले होते. मागडीकडची मुलगी, घराणं चांगलं. मालोजीच्या लग्नाला आठ वर्षं झाली, बायकोची कूस उघडली नाही, तेव्हा आता दुसरी करावी, असं त्यांचं म्हणणं. "मुंबईकडे तर दुसऱ्या बायकोला कायद्यानं बंदी आलीच," ते म्हणाले. "आता दिल्लीतही कायदा करणार म्हणतात. आपल्या म्हैसूर राज्यात मोकळं आहे तोवर उरकून घ्या." रेशनची साखर संपायच्या आत आणावी, तशी घाई त्यांना झाली होती.

नेमकी त्याच वेळी मागच्या अंगणात सून तुळसा अंडी बसवत होती. कवडी कोंबडी खुडूक झाली होती. खाणं नको, फिरणं नको, पिसं फुलवून नुसती टोपलीत ठाण मांडायची. अंडी उबवायला ठेवायची ती याच वेळी. आणि ती ठेवायला हात लेकुरवाळीचाच हवा, हा त्या घरातला नियम. दर खेपेला पलीकडच्या गल्लीतली गोदूबाई यायची, सात पोरांची आई. पण तिच्या माहेरी, होसूरला, कुणीतरी गेलं होतं आणि ती तिकडे सुतकात अडकली होती. कोंबडी काय कुणाच्या सुतकासाठी थांबते? "बसव गं तूच," असं कृष्णाबाईंनीच सुनेला सकाळी सांगितलं होतं.

मागचं दार उघडं होतं. अप्पासाहेबांनी ते पाहिलं.

"हे काय चाललंय, मालोजी? वांझेच्या हातानं अंडी बसवता? एक पिल्लू निघायचं नाही, लिहून ठेव!"

टोपलीतला तुळसाचा हात तिथल्या तिथे थांबला. तिनं मागे वळून पाहिलं नाही. तो थांबलेला हात तेवढा कृष्णाबाईंना दाराआडून दिसला, आणि त्यांचं डोकंच फिरलं.

"मालोजी, सांग तुझ्या काकांना, निघतील म्हणावं! टोपलीभर निघतील! आणि निघाली की या घरात दुसऱ्या सोयरिकीचं नाव काढायचं नाही म्हणावं!"

अप्पासाहेबांनी पान गालात सारलं. "सरी, ठरलं," ते म्हणाले, आणि हसले. "पिल्लं निघाली तर माझं तोंड बंद. नाही निघाली तर त्याच आठवड्यात मागडीला मुलगी बघायला जायचं. तुझ्या आईनंच घातलेली अट आहे, मालोजी. तू साक्षीला आहेस."

मालोजी आईकडे बघेना की काकांकडे. हा पठ्ठ्या विमानाच्या कारखान्यात फिटर. लोखंडात केसाएवढा फरक पडला तरी ह्याच्या बोटांना कळायचा. घरात मात्र काका म्हणतील ते खरं आणि आई म्हणेल तेही खरं! अशा माणसाला शांत स्वभावाचा म्हणायची पद्धत आहे.

तर अशी ती अट. काका गेल्यावर कृष्णाबाईंना जरा धास्ती वाटली, पण फार नाही. त्यांच्या कोंबड्यांनी त्यांना कधी दगा दिला नव्हता. शिवाय सुनेसाठी त्या कुणाशीही भांडल्या असत्या. दुसरी बायको घरात येते म्हणजे काय होतं, ते त्यांनी लहानपणी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांच्या वडिलांनी दुसरी केली, त्या दिवशी आईचं अंथरूण स्वयंपाकघरात, चुलीशेजारी गेलं. कुणी तिला घालवलं नाही, मारलं नाही. ती आपली रोज उठून सवतीच्या पोरांची धुणी धुवायची आणि हळूहळू तिचं नावच कुणी घेईनासं झालं. तुळसाचं अंथरूण चुलीशेजारी जाऊ द्यायचं नाही, एवढंच कृष्णाबाईंना कळत होतं.

आठवडा गेला. कवडी टोपलीत अगदी इमानानं बसली होती. दिवसातून एकदा उठायची, चार दाणे टिपून धावत परत यायची. दुपारी तुळसा नळावर गेली तेव्हा कृष्णाबाईंनी अंडी बघायला घेतली. त्यांची रीत साधी होती. सामानाच्या अंधाऱ्या खोलीत एक कौल जरा सरकवायचं, उन्हाचा कवडसा खाली येतो, त्यात मुठीतलं अंडं धरायचं. जीव धरला असला तर आत लाल शिरा दिसतात, मधोमध काळा ठिपका हलतो. आजवर त्यांनी शेकडो अंडी अशी बघितली असतील.

पहिलं अंडं धरलं. आत नुसता पिवळसर उजेड. असतं एखादं कोरं, त्या मनाशी म्हणाल्या. दुसरं धरलं. तेही कोरं. तिसरं त्यांनी फिरवून फिरवून बघितलं. सगळी टोपली बघून झाली. एकात शीर नाही, ठिपका नाही, काही म्हणजे काही नाही. त्या तिथंच तांदळाच्या पोत्यावर बसल्या.

खरंच हाताचा गुण असतो का गं बाई? हा पहिला विचार. आणि मग एकदम लख्ख आठवलं.

कोंबडा! घरात कोंबडाच नव्हता!

तांबड्या तुऱ्याचा त्यांचा कोंबडा आषाढात मारम्मा देवीला दिला होता. नवस अप्पासाहेबांनीच बोललेला: तांबडा कोंबडा आधीच देतो, तुळसाची कूस उघडू दे. नवस त्यांचा आणि कोंबडा कृष्णाबाईंच्या अंगणातला. कापलाही त्यांनीच, आणि रस्सा दोनदा मागून घेतला. त्याला आता दोन महिने होत आले. कोंबड्या अंडी घालत राहिल्या, घरची माणसं खात राहिली. पहाटेचं आरवणं बंद झालं तेव्हा मालोजी म्हणाला होता, बरं झालं, झोप तरी लागते. तेवढीच काय ती त्या कोंबड्याची आठवण कुणी काढली. अंगणाला पुरुषभर उंच भिंत, वर काचा. माझ्या कोंबड्या दुसऱ्याच्या उकिरड्यावर जात नाहीत, हा कृष्णाबाईंचा तोरा. मग अंड्यात जीव यायचा कुठून? मूल व्हावं म्हणून कोंबडा कापला, आणि त्याच पायी टोपली कोरी राहिली. त्यांना हसावं की रडावं कळेना.

कवडीचं काय चुकलं यात? बसणारीनं किती का ऊब द्यावी!

आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला. तुळसाला हकीम झाले, वैदू झाले, मिशनच्या इस्पितळातली मडम झाली, उपास झाले, अंगारे झाले. मालोजीला कुणी एकदा तरी दाखवलं होतं? कुणाच्या मनात तरी आलं होतं? कृष्णाबाईंनी स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला. आईच्या मनात लेकाबद्दल असलं यावं! त्यांनी तो विचार तिथंच दाबला आणि अंडी परत कवडीखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी गोदूबाई होसूरहून आल्याचं कळलं, तशा त्या पलीकडच्या गल्लीत धावल्या. गोदूबाईचीही एक कोंबडी बसलेली होती, आणि तिचा कोंबडा तर सगळ्या पेटेत बदनाम. सगळं ऐकून गोदूबाईनं कपाळावर हात मारला.

"अक्का, तुझ्या जिभेला काही हाड? अट घालायच्या आधी स्वल्प इचार तरी करायचा!"

"ते मग बोल. अंडी देतेस का?"

"घेऊन जा. माझी कोंबडी फिरेल चार दिवस मोकळी. पण त्या म्हाताऱ्याला कळलं तर माझं नाव सांगू नको."

उन्हात धरून बघितलेली, जीव धरलेली तेवढी अंडी कृष्णाबाईंनी ओच्यात बांधली, पोटाशी धरली, वरून शेवग्याच्या पाल्याची पाटी घेतली. दोन गल्ल्यांचं अंतर. पहिली गल्ली निभावली. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी, तंबाखूच्या दुकानापुढे, अप्पासाहेब उभे!

रस्ता एवढाएवढासा. थोरल्या दिराला ओलांडून पुढे जाता येत नाही आणि समोर उभं राहून बोलताही येत नाही. त्या पदर ओढून भिंतीशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. अप्पासाहेबांनी त्यांना बघितलं. त्यांनी निघून जायला हवं होतं, तशीच रीत आहे. पण ते काही हलेनात. दुकानदाराशी पावसाचं बोलले, रागीच्या भावाचं बोलले, तंबाखू चोळत राहिले. ओच्यातली अंडी आधी पोटाला गरम लागत होती. ती कोमट झाली. मग कृष्णाबाईंना ती लागेनाशीच झाली. थंड पडली म्हणजे संपलं, त्यांना वाटलं. आपण एक जीवही वाचवला नाही आणि वर गोदूबाईची अंडी मारली.

"दुकानदार," अप्पासाहेब मोठ्यानं म्हणाले, भिंतीला ऐकू जाईल असं, "आमच्या घरी पिल्लं निघणार आहेत म्हणे. निघाली की पेढे वाटू." आणि हसत हसत गेले.

कृष्णाबाई घरापर्यंत कशा पोचल्या ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. तुळसा ओढ्याला धुणं घेऊन गेली होती. त्यांनी कवडीखालची अंडी काढली, गोदूबाईची ठेवली. कवडी जरा गुरगुरली, मग चोचीनं एकेक अंडं स्वतःच पोटाखाली ओढून घेतलं. तिला काय, ऊब द्यायची. कोरी अंडी कृष्णाबाईंनी मडक्यात घालून सामानाच्या खोलीत दडवली. टाकायला हात होईना.

पुढचे दिवस त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता. आभाळ गडगडलं की अंडी नासू नयेत म्हणून त्या टोपलीत लोखंडी खिळा ठेवायच्या. मांजर भिंतीवर दिसलं की काठी घेऊन धावायच्या. परत उन्हात धरून बघायचं धाडस होईना. तुळसा मात्र रोजच्यासारखी. कवडीला पाणी द्यायची, टोपलीखालची राख बदलायची, गप्प.

मग एका सकाळी टोपलीतून बारीक आवाज आला. चिव. कृष्णाबाईंनी कवडीला अलगद उचललं. एका अंड्याला आतून टोच पडली होती, दुसऱ्याला भेग गेली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"तुळसा! अगं ये लवकर! निघाली बघ तुझ्या हाताची!"

तुळसा आली. वाकून बघितलं आणि सरळ उभी राहिली.

"ही माझ्या हाताची नव्हेत, आत्याबाई."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"मी बसवली होती त्या प्रत्येक अंड्याला खालून कुंकवाचं बोट लावलं होतं. देवाला म्हटलं होतं, माझी लाज राख. ह्यांना बोट नाही. तुम्ही बदललीत त्याच दिवशी मला कळलं."

उन्हात धरताना अंड्यांच्या बुडाला तांबडं काहीतरी लागलेलं दिसलं होतं, ते कृष्णाबाईंना आता आठवलं. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं: कोरी अंडी, आषाढातला कोंबडा, गोदूबाई. "तुझ्यासाठीच केलं गं," त्या म्हणाल्या. "कुणाला कळणार आहे? ते येतील, पिल्लं बघतील, गप्प बसतील."

"यंदा बसतील," तुळसा म्हणाली. आठ वर्षांत ती सासूपुढे इतकं बोलली नव्हती. "पुढच्या वर्षी? त्याच्या पुढच्या वर्षी? पिल्लं गोदक्काकडून आणलीत, आत्याबाई. मूल कुणाकडून आणाल?"

एवढं बोलून ती चुलीशी गेली आणि तिनं भाकरी थापायला घेतली. भाकरीचे ते आवाज ऐकत कृष्णाबाई टोपलीजवळ बसून राहिल्या. त्यांना सुनेचा राग आला, मग स्वतःचा आला. आणि दाबून ठेवलेला तो विचार परत वर आला. या खेपेला तो दाबला जाईना.

जेवायच्या वेळेला अप्पासाहेब आले. रविवार होता, मालोजी घरीच होता. तोवर चार पिल्लं बाहेर पडून कवडीच्या पंखाखालून डोकी काढत होती. मालोजीनं टोपली पुढच्या खोलीत आणली. त्याचा चेहरा खुलला होता. बिचाऱ्याला मनातून दुसरी बायको नकोच होती, फक्त ते आपल्या तोंडानं सांगायचं जिवावर येत होतं.

"काका, बघा. निघाली."

अप्पासाहेबांनी टोपलीत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. दाराआड कृष्णाबाई फटीला डोळा लावून होत्या.

"निघाली खरी," ते म्हणाले. "चला, हाताचा दोष गेला. मी शब्दाचा पक्का आहे, हात वाईट म्हणून आता कधी म्हणायचा नाही." त्यांनी पानाचा डबा उघडला. "पण हात चांगला म्हणून कूस चांगली होत नाही, मालोजी. आणि मी मागडीला निरोप देऊन बसलोय. नुसती मुलगी बघून येऊ. बघायला काय जातं?"

मालोजीनं आईच्या दाराकडे बघितलं. "आई काय म्हणते ते..." एवढंच तो पुटपुटला.

हरामखोर म्हातारा! कृष्णाबाईंच्या मनात अगदी हाच शब्द आला. त्या सामानाच्या खोलीत गेल्या, मडकं काढलं, स्वयंपाकघरातली परात घेतली आणि उंबरा ओलांडून पुढच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडं होतं. अप्पासाहेबांच्या हातातलं पान तसंच राहिलं. आजवर त्यांनी धाकट्या भावजयीचं तोंड बघितलं नव्हतं.

"आई!" मालोजी म्हणाला.

"तू गप्प बस. नेहमी बसतोस तसा." त्या खाली बसल्या. परातीच्या कडेवर एक अंडं फोडलं. पांढरं आणि पिवळं, स्वच्छ, जरा पातळ झालेलं. दुसरं फोडलं. तिसरं फोडलं. "बघा, भावजी. नीट बघा. तुळसानं बसवलेली अंडी ही आहेत, हे बघा तिच्या कुंकवाचं बोट. ती पिल्लं गोदूबाईची. मी चोरून बदलली, मी लबाडी केली. कवडीनं या अंड्यांना जीव लावून ऊब दिली. रक्ताचा एक थेंब दिसतोय कुठे? नासलीसुद्धा नाहीत. नासायलासुद्धा आत काहीतरी असावं लागतं!"

त्यांनी परात दिरापुढे सरकवली.

"का ते तुम्हाला ठाऊक आहे. माझा कोंबडा तुम्ही कापलात. कोंबडा नव्हता, भावजी! मग हात कुणाचा का असेना आणि कोंबडी कुठली का असेना. तुम्ही दुसरी आणा म्हणता ना? आणा. मागडीची आणून बसवा या अंड्यांवर. ती नाही झाली तर तिसरी आणा. सगळ्या म्हैसूर राज्यातल्या आणून बसवा!"

आता खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं की त्या कशाबद्दल बोलत होत्या. स्वयंपाकघराच्या दारात तुळसा उभी होती, हाताला पीठ. मालोजीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. तो उठला. परातीकडे बघितलं, आईकडे बघितलं, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेला. अप्पासाहेबांनी पानाचा डबा खिशात टाकला. जाताना ते फक्त म्हणाले, "स्वतःच्या पोटच्या पोराला भर घरात असं बोलणारी आई मी बघितली नव्हती."

हे मात्र कृष्णाबाईंच्या काळजात घुसलं, कारण ते खरं होतं. सुनेला वाचवायला गेले आणि लेकाला घालवून बसले, त्या मनात म्हणत राहिल्या. भाकऱ्या तशाच झाकून राहिल्या. तुळसानं परात धुतली. दुपार टळली, ऊन भिंतीवर चढलं, तरी मालोजीचा पत्ता नाही. विश्वेश्वरपुऱ्याच्या विहिरी, स्टेशनातले रूळ, काय काय त्यांच्या डोळ्यांपुढे येऊन गेलं. शेवटी त्या कवडीच्या टोपलीजवळ जाऊन बसल्या, तोंडात पदर कोंबून.

दिवे लागायच्या सुमारास कडी वाजली.

मालोजी आत आला. सदरा मळलेला, हातावर ओरखडे, आणि काखेत पाय बांधलेला एक तांबडा कोंबडा. त्यानं तो सरळ मागच्या अंगणात नेला, पायांची दोरी सोडली आणि खाली ठेवला. कोंबडा पंख झाडून भिंतीकडे पळाला.

"सगळा बाजार पालथा घातला," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. मग हात धूत धूत, पाठमोराच, तुळसाला म्हणाला, "उद्या मी कारखान्यात जात नाही. सकाळी मोठ्या इस्पितळात जायचंय, दाखवायला. तू येशील ना बरोबर? एकट्याला मला... तू ये."

तुळसानं मान हलवली. मग त्याची पाठ आहे हे लक्षात येऊन ती मोठ्यानं म्हणाली, "येते."

कृष्णाबाईंनी हाक मारली, "मालोजी." तो वळला. त्याचे डोळे सुजलेले होते. त्यांना खूप बोलायचं होतं, पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या जिभेला शब्द सापडेना.

"जेवायला वाढ, आई," तो म्हणाला. "सकाळपासून काही खाल्लं नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच कोंबडा आरवला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. झोप मोडली म्हणून घरात कुणी कुरकुरलं नाही. तिघंही जागीच होती.